स्क्वेअर फुटाच्या हिशेबात

फ्लेक्सच्या दुकानात मोकळी जागा कोणी मागत नाही. दहा बाय आठचा बॅनर म्हणजे ८० स्क्वेअर फूट, आणि भाव फुटावर. ज्या फुटावर काहीच छापलेलं नाही त्याचेही पैसे पडतातच, मग ती जागा कोण कशाला सोडेल? आमच्याकडे आलेलं गिऱ्हाईक स्क्रीनवर प्रूफ बघताना आधी कोपरे तपासतं. कुठे नुसता रंग दिसला की तिथे बोट. "ताय, ही जागा मोकली कशाला ठेवलीस? पैसं भरलेत ना आमी." यावर माझ्याकडे उत्तर नसतं, कारण हिशेब त्याचा बरोबर असतो.

मी पनवेलच्या जुन्या बाजारपेठेतल्या एका डिजिटल प्रिंटिंगच्या दुकानात डिझायनर आहे. शिक्षण उपयोजित कलेचं. एलिमेंटरी, इंटरमिजिएटपासून पायरी पायरीने वर आलेली. रविवारी घरी चित्रं काढते, तीही मोठी, कमी रंगांची, बरीचशी मोकळी. एका दिवाळी अंकाने विचारलं, तरुण चित्रकर्तीला काय काय आवडतं ते लिहाल का? कपडे, गाणी, चित्रं, सिनेमे. नावं भराभर सुचली. प्रभाकर बरवे, किशोरीताई, भानू अथैय्या, 'कोर्ट'. कागदावर ही नावं फार सभ्य दिसतात. आणि ज्या कामावर घर चालतं त्यात यातलं औषधालाही सापडत नाही. तरी ही नावं माझ्या आयुष्यात टिकली ती दुकानामुळेच, असं माझं मत आहे. त्यामुळे सांगायचं तर दुकानापासून सांगावं लागेल.

वाढदिवसाचा बॅनर ही आमची रोजची भाकरी. त्याची मांडणी ठरलेली. वर गोलातल्या फोटोंची पट्टी. एका टोकाला महाराज, मग लोकनेते दि. बा. पाटील, मग पक्षाचे मोठे, जिल्ह्याचे, तालुक्याचे. कोणाचा गोल कोणाहून केवढा, याचा नियम कुठे लिहिलेला नाही. पण एखादा गोल जरा आकसला की संध्याकाळी फोन येतो. खाली शुभेच्छुकांच्या रांगा, पासपोर्ट फोटोतली तोंडं आणि प्रत्येकाखाली नाव. मधोमध भाऊ, केसांपासून चपलेपर्यंत पूर्ण. हात जोडलेले भाऊ असतात, हाताची घडी घातलेले असतात, पण सगळ्यांत मागणी असते ती मोबाइल कानाला लावून चालत येणाऱ्या भाऊंना. कॉलेजच्या मित्रमैत्रिणींना ही पोझ दाखवली की ते पोट धरून हसतात. मला ती हुशारीची वाटते. फोन कानाला असला की माणूस कामात दिसतो, आणि चालताना असला की कोणाच्या तरी कामाला निघालेला दिसतो. एका फोटोत एवढं बसवणं सोपं नाही.

हा फोटो मागच्या शेतातून किंवा गाड्यांच्या रांगेतून कापून काढायचा. कडक इस्त्रीचा पांढरा कुर्ता कापायला सोपा. केस कठीण. सर्वांत कठीण असते ती कान आणि फोन यांच्यामधली फट. ती नीट मोकळी केली नाही तर तिथे शेताचा हिरवा तुकडा चिकटून राहतो. स्क्रीनवर तो कणाएवढा असतो. छापून चौकात लागला की कानातून गवत उगवल्यासारखा दिसतो. माझ्या हाताला फटी बघायची सवय लागली ती या कानांमुळे.

दि. बां.चा फोटो आमच्या भागात पक्ष बघत नाही, सगळ्यांच्याच बॅनरवर असतो. जानेवारी १९८४ मध्ये सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध त्यांच्या नेतृत्वाखाली जासईच्या परिसरात झालेल्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले. त्या लढ्यातून पुढे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड द्यायचं ठरलं. त्यामुळे जागेचा हिशेब इथे शाळकरी पोरांनाही पाठ असतो. मोकळी जागा दिसली की ती कोणाची, किती गुंठे, कागद झालेत का, हेच प्रश्न आधी येतात. अशा मुलखातल्या माणसाला डिझाइनमधल्या मोकळ्या जागेचं सौंदर्य सांगायला जाणं मला जिवावर येतं.

मात्र एक बॅनर असा आहे की गिऱ्हाईक स्वतःहून जागा सोडायला लावतं. बैलाचा. २०२१ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली आणि २०२३ च्या मे महिन्यात त्यावर शिक्कामोर्तब झालं. आमच्या पट्ट्यात छकड्यांच्या शर्यतींचं वेड भारी, त्यामुळे बैलांचे वाढदिवस, बैलांचे विजय, गेलेल्या बैलांना श्रद्धांजली, असं काम सुरू झालं. बैल आडवा उभा, कपाळावर गुलाल, वर त्याचं नाव मालकाच्या नावाच्या दुप्पट. आणि बजावून सांगितलेलं असतं, शिंगांच्या वर काही येता कामा नये. पाठीवरून अक्षर जाता कामा नये. वशिंडाची रेघ पूर्ण दिसली पाहिजे. शुभेच्छुक मग निमूट खालच्या पट्टीत दाटीवाटीने बसतात. ज्याच्यावर खरा जीव असतो त्याच्याभोवती माणूस आपसूक जागा सोडतो. हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं. तिथे 'निगेटिव्ह स्पेस'वर धडा होता, त्यात बैल नव्हता.

कपड्यांचं सांगते. मी बहुतेक काळं घालते. काळा कुर्ता, काळी पँट, कधी काळा शर्ट. मैत्रिणींना वाटतं ही माझी स्टाइल, चित्रकारांची असते तशी. खरं कारण सोल्व्हेंटची शाई आहे. रोल बदलताना, हेड साफ करताना ती बाहीला लागतेच, आणि मॅजेंटाचा डाग जात नाही. सुरुवातीला दोन चांगले खादीचे कुर्ते गेले, मग काळ्यावर आले. आता इतकी वर्षं झाली की दुसरा रंग अंगावर परका वाटतो. आवड म्हणून जे मिरवतो त्याच्या मुळाशी असा एखादा डाग निघतो.

समोरून येणाऱ्यांचे कपडे बघायला मला आवडतं. गळ्यात साखळ्या, हातात कडं, बोटांत अंगठ्या. छकड्यांच्या शर्यतींमुळे महाराष्ट्रभर ओळखले गेलेले आमच्या पनवेलचे पंढरीशेठ फडके २०२४ च्या फेब्रुवारीत गेले. अंगावरचं सोनं आणि गाडीच्या टपावर बसून मैदानात येणं ही त्यांची ओळख होती, आणि ते गेल्यानंतरही तशी पोझ मागणारी पोरं येतात. यावर शहरातले लोक नाक मुरडतात. मी मुरडत नाही, पण मला ते आवडतंही नाही. सोनं फोटोत वाईट छापलं जातं, पिवळं धमक, पत्र्यासारखं. माझी आजी चार मणी आणि नाकात एक वाळी घालायची, गुडघ्याखाली न येणारं लुगडं नेसायची आणि लग्नाच्या मांडवात सगळ्यांत उठून दिसायची. तिच्याकडे सोनं कमी होतं हे खरं. तरी ती जे घालायची ते कुठे थांबवायचं हे तिला कळत होतं, आणि हे पैशांवर नसतं.

भानू अथैय्यांकडे मी वळले ती या थांबण्यामुळे. १९२९ मध्ये कोल्हापुरात जन्मलेली राजोपाध्यांची मुलगी. जे. जे.त शिकली, आणि १९५३ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात तिची चित्रं लागली. म्हणजे हुसेन, रझा, गायतोंडे यांच्या वाटेवर ती चालू लागली होती. तिथून ती आधी नियतकालिकांसाठी फॅशनची रेखाटनं करायला गेली आणि मग सिनेमाच्या कपड्यांकडे. चित्रकलेच्या वर्तुळात याकडे घसरण म्हणून बघणारे असतात. मी 'आम्रपाली'तल्या वैजयंतीमालाचे कपडे बघते, 'गांधी' बघते, आणि मला ते चित्रकाराचंच काम दिसतं. 'गांधी'साठी १९८३ मध्ये तिला जॉन मोलोबरोबर ऑस्कर मिळालं, भारताचं पहिलं. त्या सिनेमात एक माणूस बॅरिस्टरच्या सुटापासून पंचापर्यंत येतो. तीन तासांत एकेक कपडा उतरत जातो आणि शेवटी जे उरतं त्यावर सगळ्या पडद्याची नजर खिळते. कपडेपट करणारीने कपडे कमी करत जायचे, आणि तेही हजारोंच्या गर्दीत, हे धाडसाचं आहे. २०१२ मध्ये तिने ते ऑस्कर सांभाळायला अकादमीकडेच परत दिलं. २०२० च्या ऑक्टोबरात ती गेली. आमच्या दुकानात तिचं नाव कोणाला माहीत नाही. वर्गातल्या निम्म्या मुलांनाही नव्हतं, आणि याचा मला राग येतो.

आता पेंटरकाका. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रकवर अक्षरं काढण्यात त्यांची उमर गेली. फ्लेक्स आल्यावर दुकानांच्या पाट्या गेल्या, २०१५ च्या एप्रिलअखेरीला महाराष्ट्रात ट्रकमागच्या 'हॉर्न ओके प्लीज'वर बंदी आली तेव्हा तेही गेलं. कधी देवळाची कमान, कधी शाळेची भिंत, एवढंच काम उरलं होतं. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या मदतीला जायचे. आधी खडू लावलेला दोरा दोघांनी दोन टोकांना ताणून धरायचा आणि मधून टिचकी मारायची, की भिंतीवर सरळ रेघ. करंगळी भिंतीला टेकवून बाकीचा हात तरंगता ठेवायचा. एनॅमल रंग डब्याच्या झाकणात घेऊन त्यात दोन थेंब टर्पेंटाइन. ब्रश एकदा टेकला की 'र'ची शेपटी संपेपर्यंत उचलायचा नाही, श्वासही घ्यायचा नाही.

त्यांच्याकडून मला कळलेली खरी गोष्ट रंगाची नव्हे, पैशांची आहे. काका अक्षरावर पैसे घ्यायचे. जोडाक्षराला दीड. 'श्री' फुकट. त्यामुळे पाटी रंगवायला आलेला दुकानदार आधी शब्द छाटायचा. 'आमचे येथे सर्व प्रकारची दुरुस्ती करून मिळेल' असं मनात घेऊन आलेला माणूस 'गॅरेज' एवढ्यावर यायचा, तेही पुढे नाव लावून. पाटी तेवढीच राहायची आणि अक्षरं कमी व्हायची, मग काका ती हवी तशी मोठी करायचे, फाकवायचे, त्यांना सावली द्यायचे. जुन्या पनवेलच्या फोटोंतल्या पाट्या इतक्या डौलदार का दिसतात, याची पुष्कळ हळवी कारणं लोक सांगतात. माझ्या मते त्याचं मुख्य कारण हा दर आहे. अक्षराला पैसे होते तेव्हा जागा सुटत होती. फुटाला पैसे झाले तेव्हा जागा भरली. लोकांची रसिकता काही दहा-पंधरा वर्षांत घसरलेली नाही.

हाच हिशेब मला अक्षरकार कमल शेडग्यांच्या कामात दिसतो. वर्तमानपत्रातली नाटकाची जाहिरात कॉलम सेंटिमीटरवर विकली जाते; बोटभर चौकटीत नाटकाचं नाव, नाट्यगृह, वेळ, नटांची नावं. चित्राला जागाच नाही. मग नावाचं अक्षरच असं काढायचं की नाटक हसवणारं आहे की रडवणारं ते वाचण्याआधी कळावं. हे त्यांनी पन्नासेक वर्षं केलं. जुलै २०२० मध्ये ते गेले तेव्हा मी त्यांची जमवलेली कात्रणं काढून जमिनीवर पसरली होती. आमच्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात आजही प्रयोग लागतात, त्यांच्या जाहिराती मोबाइलवर येतात, तिथे जागेचा भाव नाही, आणि अक्षरं सगळी एकाच फुकट फॉन्टात.

आमच्या शेजारच्या रेडियमवाल्याची एक कलाही अशीच संपत आली. एमएच ४६ ही पनवेलची पासिंग. त्यापुढे इंग्रजी आकड्यांत चार-एक-चार-एक असा नंबर मिळाला की चाराला जरा वाकवून, एकाला वर दांडा देऊन त्याचा 'दादा' व्हायचा. दोन-एक-चारचा 'राम'. बेकायदाच होतं, आणि दंडही व्हायचा. पण देवनागरीचं वळण इंग्रजी आकड्यात शोधून काढणारा तो जो कोणी पहिला माणूस असेल, त्याच्याएवढी अक्षराची समज आमच्या बॅचमध्ये कोणाला नव्हती. २०१९ च्या एप्रिलनंतरच्या नव्या गाड्यांना ठरावीक ठशाचीच हाय सिक्युरिटी प्लेट येते, मग जुन्यांनाही ती सक्तीची झाली. रेडियमवाला आता मोबाइलची कव्हरं विकतो.

प्रभाकर बरव्यांची चित्रं मी पहिल्यांदा समोर उभी राहून बघितली ती २०१९ मध्ये, मुंबईच्या एनजीएमए या कलादालनात. हार्बरने पनवेलहून सीएसएमटी, सव्वा-दीड तासांचा प्रवास, तिथून चालत. उद्घाटनाच्या कार्यक्रमात अमोल पालेकरांना भाषणात मधेच थांबवलं गेलं होतं, त्याची बातमी चित्रांपेक्षा मोठी झालेली. त्यामुळे मला वाटलं होतं गर्दी असेल, नव्हती. बरवे आमच्याच रायगडचे, अलिबागजवळच्या नागावचे, जन्म १९३६. शिल्पकार वि. पां. करमरकर त्यांच्या नात्यातले. एका मोठ्या कॅनव्हासवर एक पान, एक घड्याळाचा तुकडा, एक पेर, आणि त्यांच्यामध्ये एवढी जागा की प्रत्येक वस्तू आपापला विचार करत बसल्यासारखी. खाली माध्यमाच्या जागी लिहिलेलं होतं एनॅमल. काकांच्या झाकणातला तोच रंग. मी वाकून बघितलं, कडा तशाच गुळगुळीत, ब्रशाचा ओरखडा नाही.

त्यांचं 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक त्यानंतर वाचलं. पण मला जास्त ओढ लागली ती त्यांच्या नोकरीची. १९६१ पासून वीसेक वर्षं ते विणकर सेवा केंद्रात होते, त्यातली काही वर्षं बनारसला. हातमागासाठी नक्षी काढून द्यायची, म्हणजे पदर किती, काठ किती, बुट्टी किती अंतराने. विणकराला मोकळी जागा सोपी पडते आणि भरलेली महाग, कारण प्रत्येक बुट्टीला वेळ लागतो. म्हणजे आमच्या दुकानाच्या बरोबर उलटा हिशेब. वीस वर्षं असा हिशेब करणाऱ्या माणसाच्या चित्रात वस्तूंमधलं अंतर इतकं नेमकं यावं, यात मला योगायोग दिसत नाही. बरव्यांवर लिहिणारे तत्त्वज्ञान पुष्कळ सांगतात. मला वाटतं थोडं मागाबद्दलही सांगावं.

गाण्यांच्या बाबतीत मशीनने माझी आवड ठरवली. फ्लेक्सचा प्रिंटर चालू असला की त्याचं हेड डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे खर्रखर्र करत फिरतं. चार पासवर लावलं की जलद, सहा पासवर संथ. ही लय दिवसभर कानात. तिच्यावर तबल्याचं किंवा ड्रमचं गाणं लावलं की दोघांचं भांडण होतं, आणि थोड्या वेळाने डोकं उठतं. आलाप मात्र त्या खर्रखर्रीवरून पाण्यासारखा जातो. म्हणून मी किशोरी आमोणकर ऐकायला लागले, नुसते सुरुवातीचे आलाप, पुढचा ठेका आला की बंद. जाणकारांना हे पाप वाटेल. पण त्या षड्जावर थांबतात, पुढचा स्वर लावायची घाई करत नाहीत, आणि तेवढ्यात माझा पाच फुटांचा बॅनर बाहेर येतो.

त्या ऐकण्यातून मला उलट माझ्या आजीचे धवले ऐकू यायला लागले. आगऱ्यांच्या लग्नात पूर्वी भटजीच्या जागी धवलारीण असायची. ती धवले गायची आणि त्याप्रमाणे एकेक विधी पुढे सरकायचा. वाद्य नाही. एक बाई ओळ उचलते, दुसरी तिचं शेवटचं अक्षर पकडून पुढे नेते, आणि मधे एक श्वास राहतो. त्या श्वासात मांडवातली पोरं, भांडी, कुत्री, सगळं ऐकू येतं. लहानपणी मला ते फार कंटाळवाणं वाटायचं. आम्ही डीजेची वाट बघत असायचो. आता आमच्याकडच्या बऱ्याच हळदींत धवल्यांना जेमतेम अर्धा तास मिळतो, बाकी रात्र बेंजो नाहीतर डीजे. आणि त्यावर मीही नाचते, अगदी शेवटपर्यंत. संजू राठोडचं 'गुलाबी साडी' २०२४ मध्ये आलं तेव्हा हळदीच्या बॅनरवर पिवळ्याच्या जोडीने गुलाबीची मागणी एवढी वाढली की आमची मॅजेंटा शाई बाकीच्या रंगांच्या आधी संपायची. या गाण्यात एक मोकळा क्षण नाही, आणि हळदीत तो कोणाला नकोही असतो. आवड ही जागेवर असते, वेळेवर असते. 'मी डोलकर' हे कोळीगीत घ्या. शब्द शांताबाई शेळक्यांचे, चाल हृदयनाथांची, गाणारे लताबाई आणि बंगालचे हेमंतकुमार. यातलं कोणी होडीवर वाढलेलं नव्हतं. तरी आमच्याकडे ते लागलं की म्हातारे उठतात.

सिनेमा आमच्या दुकानात पोझ होऊन येतो. 'पुष्पा' आला त्या वर्षी पहिलीतली पोरंसुद्धा हनुवटीखालून हात फिरवत बॅनरवर चढली. पहिल्या वाढदिवसाचं बाळ मुकुट घालून सिंहासनावर. मी ही कामं मन लावून करते; बाळाच्या डोक्यावर मुकुट बसवताना सावली कुठे पडेल हे बघते. मला स्वतःला आवडणारा सिनेमा मात्र चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट'. कॅमेरा एका जागी ठेवलेला, हलत नाही. लोक येतात, बसतात, तारीख मिळते, जातात, आणि ते गेल्यावरही कॅमेरा तिथेच. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी कोर्ट बंद होतं तेव्हा दालनातले दिवे एकेक करून विझतात आणि पडदा काळा होतो. सिनेमा संपला असं वाटून माझ्या शेजारचा माणूस उठला होता. नारायण कांबळे या लोकशाहिराचं काय होणार हा प्रश्न त्या काळ्या पडद्यावर तसाच लटकत राहतो.

एवढा अंधार पडद्यावर ठेवायची परवानगी ताम्हाणेला कोणी दिली, हे मी नंतर शोधलं. निर्माता विवेक गोंबर, त्यातला वकील झालेला नट. आपल्या पैशांतून, आणि सेकंदाचा हिशेब न मागता. चित्रपटाला २०१४ चं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं हे ठीकच. मला त्या निर्मात्याचं जास्त कौतुक आहे. असं एखादं गिऱ्हाईक मला मिळालं तर मी त्याचा बॅनर फुकट करीन.

माझं आजोळ विमानतळात गेलं. दहा गावं उठली, त्यातलं एक. उलव्याचा सुमारे ९० मीटर उंचीचा डोंगर फोडून सपाट केला, आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं, डिसेंबरात विमानं उडू लागली. नव्या वसाहतीत मामाचं तीन मजली घर आहे, जुन्या गावाच्या देवीची जत्रा तिथेच भरते. जत्रेच्या बॅनरसाठी गावातली पोरं आली आणि म्हणाली, मागे आपला डोंगर टाक. डोंगराचं पीएनजी कुठेच मिळेना. गुगलवर हिमालय मिळतो, सह्याद्रीही मिळतो. शेवटी लोकांच्या मोबाइलमधले लग्नाचे, बारशाचे, क्रिकेटच्या मॅचचे फोटो मागवले आणि त्यांच्या मागच्या कडेला जेवढा डोंगर आला होता तेवढा जोडत गेले. उतार कुठे मोडतो, यावर मामा आणि शेजारच्या आत्याचं बराच वेळ वाजलं. दोघंही पाठ करून सांगत होते आणि दोघांचे डोंगर वेगळे होते. काकांसारखी करंगळी टेकवून मी एका दमात रेघ काढली, तिचा स्कॅन घेतला.

बॅनरवर ती रेघ टिकली नाही. प्रूफ बघून पोरांनी डोंगर छान झालाय म्हणून सांगितलं आणि डोंगराच्या पोटात बरीच जागा आहे, तिथे देणगीदार येतील असंही सांगितलं. ते आले, फोटोंसकट. मी वाद घातला नाही, फूट त्यांचे होते.

पुढच्या महिन्यात मामेभावाची हळद होती. त्याने सगळ्या पोरांसाठी पिवळे टी-शर्ट करायला घेतले आणि पाठीवर तोच डोंगर मागितला. टी-शर्टाचा भाव नगावर असतो; पाठीवर एक रेघ छापा नाहीतर पाठ गच्च भरा, पैसे तेवढेच. डोंगराच्या पोटात काय टाकायचं, हा प्रश्नच निघाला नाही. कॉलरच्या खाली वीतभर जागा सोडून मी रेघ लावली, हिरव्या रंगात, बाकी पाठ कोरी. पोरांची हरकत एकाच गोष्टीवर होती, एक्सएल कमी पडतात, आणि साइजच्या याद्या रात्री उशिरापर्यंत येत राहिल्या.